डबल्सचा जोडीदार आणि कोर्टची बाजू: आधी काय मोजायचं, मग कोणाला विचारायचं

शनिवारी सकाळी सव्वासहाला सोसायटीच्या टेनिस कोर्टवर चौघी जमतात. चेंडूंचा नवा डबा उघडतो, थोडं नॉकिंग होतं आणि मग प्रश्न येतो, "तू कुठली साइड घेतेस?" उत्तर ठरलेलं असतं, "मला कुठलीही चालेल." दुसरीही तेच म्हणते. मग जी जिथे उभी असते तिथेच राहते आणि पुढची दोन वर्षं ती जोडी तशीच खेळते.

मी अडीच वर्षं असंच खेळले. "कुठलीही चालेल" म्हणण्यात सौजन्य असतं, पण डबल्समध्ये त्या सौजन्याचा भार जोडीदारावर पडतो. आपली कमजोर जागा आपण शोधलेली नसली, तरी समोरची जोडी ती तिसऱ्या गेमपर्यंत शोधते आणि मग प्रत्येक महत्त्वाची सर्व्हिस तिथेच येते.

हा लेख ज्यांनी पाच-सहा महिने कोचिंग घेतलंय, फोरहँड-बॅकहँड बऱ्यापैकी जमतो आणि आता पुण्यात कुठेतरी नियमित डबल्स सुरू करायचंय, अशांसाठी आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. आधी आपली रिटर्नची बाजू, म्हणजे समोरची सर्व्हिस परतवताना उभं राहायची बाजू, मोजून काढा, आणि मग त्या बाजूला जुळणारा जोडीदार शोधा. बहुतेक जण आधी मैत्रीण किंवा शेजारी पकडतात आणि बाजू मागाहून वाटून घेतात. त्यात खेळही अडतो आणि कधीकधी मैत्रीही.

सर्व्हिसइतकाच रिटर्न

लागोपाठचे चार गेम डोळ्यांसमोर आणा. एकात तुम्ही सर्व्हिस करता, एकात जोडीदार. उरलेल्या दोन गेममध्ये समोरचे सर्व्हिस करतात आणि तुम्ही दोघं एकाआड एक पॉइंटला रिटर्न करता. म्हणजे ढोबळमानानं पाव पॉइंट तुमच्या सर्व्हिसनं सुरू होतात आणि पाव तुमच्या रिटर्ननं. उरलेल्या अर्ध्या पॉइंटच्या सुरुवातीला तुम्ही नेटजवळ किंवा सर्व्हिस लाइनवर उभे असता आणि पहिले दोन फटके दुसऱ्यांचे असतात.

नवख्यांना हे सांगितलं की ते थबकतात, कारण सराव सगळा बेसलाइनवरून झालेला असतो. या हिशोबातून दोन गोष्टी निघतात. रिटर्नला सर्व्हिसइतकंच वजन आहे, तरी जोडीदार शोधताना सगळ्यांची नजर जोरदार सर्व्हिसवर असते. आणि जोडीदार अर्धा वेळ नेटजवळ उभा राहणार असल्यामुळे चेंडू त्याच्याकडे नसताना तो काय करतो, हे त्याच्या फोरहँडपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

पहिली पायरी: चाळीस चेंडूंची वही

क्लबमध्ये मार्कर, म्हणजे सभासदांबरोबर खेळायला ठेवलेला माणूस, असेल तर त्याला अर्ध्या तासासाठी सांगा. नसेल तर सर्व्हिस बरी असलेली कोणतीही मैत्रीण चालेल. तिला चाळीस सर्व्हिस करायला सांगा, वीस तुमच्या उजव्या बाजूला आणि वीस डाव्या. नेटकडे तोंड करून उभं राहिल्यावर तुमच्या उजव्या हाताला येतं ते ड्यूस कोर्ट, डाव्या हाताला येतं ते ॲड कोर्ट. प्रत्येक बाजूच्या वीसपैकी दहा बाहेरच्या रेषेकडे आणि दहा मध्यरेषेकडे, म्हणजे ज्याला सगळे "टी" म्हणतात तिकडे.

रिटर्न कधी मोजायचा? चेंडू तिरका, सर्व्हिस करणारीच्या अर्ध्या भागात पडला तरच. सरळ मारलेला कितीही देखणा असला तरी मोजू नका, कारण खऱ्या खेळात तिथे नेटवर एक माणूस उभा असतो. तिरका फटका सोपाही असतो. नेट खांबाशी साडेतीन फूट उंच असतं आणि मध्ये तीन फूट. शिवाय कोर्ट सरळ ७८ फूट लांब आहे, तर डबल्सच्या ३६ फूट रुंद कोर्टचा कर्ण सुमारे ८६ फूट भरतो. म्हणजे तिरक्या फटक्याला नेट कमी उंचीचं मिळतं आणि चेंडू आत राहायला जागाही जास्त मिळते.

माझ्या वहीत आकडे असे आले होते. उजवीकडे बाहेर ८, उजवीकडे टीवर ३. डावीकडे बाहेर ६, डावीकडे टीवर ७. बेरीज केली तर अकरा आणि तेरा, म्हणजे फार फरक दिसत नाही. म्हणून बेरीज पाहू नका. चार खान्यांपैकी सगळ्यात छोटा आकडा कुठल्या बाजूला आहे ते पाहा आणि ती बाजू सोडा. माझ्या बाबतीत तो तीन होता. उजवीकडे टीवर आलेली सर्व्हिस माझ्या बॅकहँडला येते आणि तिथून ती तिरकी, नेटवरच्या माणसाला चुकवून मारणं मला जमत नाही. समोरच्यांना एवढंच कळायला हवं असतं. तुमचे दहापैकी आठ चांगले फटके त्यांना दिसतही नाहीत, कारण तिथे ते सर्व्हिस करतच नाहीत.

ही चाचणी एकदा करून थांबू नका. आठवड्यानं पुन्हा करा, शक्यतो दुसऱ्या कोणाच्या तरी सर्व्हिसवर. डावखुरी व्यक्ती मिळाली तर उत्तमच. तिची कापून टाकलेली सर्व्हिस उलट्या दिशेला वळते आणि आकडे चांगलेच बदलतात.

दोन बाजूंचा स्वभाव

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण "चांगला खेळाडू डावीकडे" हे वाक्य पुण्यातल्या प्रत्येक कोर्टवर ऐकू येतं आणि ते अर्धंच खरं आहे.

आधी उजव्या हातानं खेळणाऱ्यांचा विचार करू. ड्यूस कोर्टमध्ये बाहेर आलेली सर्व्हिस फोरहँडला येते, ते सोपं. अवघड येते ती टीवरची, कारण ती बॅकहँडला येते आणि बॅकहँड आतून बाहेरच्या दिशेनं, डावीकडे मारावा लागतो. दोन हातांचा बॅकहँड असलेल्या अनेकांचा चेंडू अशा वेळी ओढला जाऊन थेट नेटवरच्या माणसाकडे जातो. ॲड कोर्टमध्ये बाहेरची सर्व्हिस बॅकहँडला येते आणि तिथून तिरका बॅकहँड हा सगळ्यात नैसर्गिक फटका असतो. टीवरची सर्व्हिस फोरहँडला येते, तो थोडा उशिरा घेऊन उजवीकडे मारायचा. म्हणून ज्यांचा तिरका बॅकहँड पक्का आहे त्यांनी डावीकडे जावं. ज्यांना बॅकहँड स्लाइस करून हवं तिकडे ठेवता येतो, किंवा ज्यांचा फोरहँड हेच मुख्य हत्यार आहे, त्यांनी उजवीकडे.

आता गुणांकडे पाहा. रिटर्न कोण कुठल्या गुणावर करतं हे कागदावर मांडा. ४०-०, ४०-३०, ३०-४० आणि प्रत्येक ॲडव्हांटेज, हे सगळे पॉइंट डाव्या बाजूला खेळले जातात. गेम संपवू शकणाऱ्या पॉइंटपैकी उजवीकडे फक्त ४०-१५ आणि १५-४० येतात. म्हणजे सर्व्हिस ब्रेक करायची, समोरच्यांच्या सर्व्हिसचा गेम जिंकायची, बहुतेक संधी डाव्या बाजूच्या रॅकेटवर येते, आणि "चांगला खेळाडू डावीकडे" याचं मूळ इथे आहे. पण त्या संधीपर्यंत पोचतं कोण? प्रत्येक गेमचा पहिला पॉइंट उजवीकडे असतो. ३०-३० उजवीकडे असतो, आणि नावाप्रमाणे ड्यूसचा, म्हणजे ४०-४० चा, पॉइंटही उजवीकडेच. उजवीकडची खेळाडू ते पॉइंट सतत गमावत असेल, तर डावीकडच्या खंबीर खेळाडूला ब्रेक पॉइंट मिळतच नाहीत.

म्हणून माझं मत असं. उजवीकडे अशी व्यक्ती हवी जी दहापैकी आठ रिटर्न आत टाकते, भले ते हळू असोत. डावीकडे अशी हवी जिचा हात ३०-४० ला आखडत नाही. "चांगलं कोण" हा प्रश्न बाजूला ठेवून हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले की बाजू आपोआप सुटत जाते.

मधला चेंडू हा पुढचा मुद्दा. दोघंही उजव्या हाताचे असतील तर मध्ये आलेला चेंडू डावीकडच्याच्या फोरहँडला येतो आणि उजवीकडच्याच्या बॅकहँडला. त्यामुळे मधले स्मॅश आणि व्हॉली बहुतेक वेळा डावीकडचा घेतो. ज्याला नेटवर हालचाल करायला आवडतं, चेंडू मध्येच अडवायला पुढे झेपावणं म्हणजे पोच करणं आवडतं, त्याला डावी बाजू मानवते. अपवाद एवढाच की जोडीदार मागे असताना लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच मारलेला चेंडू, त्याच्या समोर येत असेल, तर मग बाजू न पाहता ज्याला तो चेंडू पुढून दिसतो त्यानं घ्यावा.

डावखुरा जोडीदार

डावखुरा जोडीदार मिळाला तर सोडू नका. २०१९ मध्ये बालेवाडीत झालेल्या महाराष्ट्र ओपनचं डबल्स विजेतेपद रोहन बोपण्णा आणि डावखुऱ्या दिविज शरण यांनी मिळवलं होतं. अमेरिकेच्या ब्रायन जुळ्या भावांपैकीही माइक उजव्या हाताचा आणि बॉब डावखुरा, आणि त्या जोडीनं १६ ग्रँड स्लॅम जिंकली. समोरच्यांना प्रत्येक सर्व्हिसच्या वेळी वेगळं वळण वाचावं लागतं, हा फायदा आपल्या पातळीवर तर फारच मोठा असतो.

बाजूंचे दोन पर्याय उरतात. डावखुरा डावीकडे आणि उजव्या हाताचा उजवीकडे उभा राहिला, तर दोघांचे फोरहँड बाहेरच्या बाजूला येतात आणि मध्ये दोन बॅकहँड. उलट उभे राहिले तर मध्ये दोन फोरहँड, पण बाहेर जाणारी प्रत्येक सर्व्हिस बॅकहँडला. मी नवख्यांना पहिली रचना सुचवते. आपल्या पातळीवर कोणी बाहेर ओढून सर्व्हिस केली की रिटर्नच लंगडा होतो, आणि मधल्या चेंडूवरचा गोंधळ हाक मारून सोडवता येतो. पण चाळीस चेंडूंची वही काही वेगळं सांगत असेल तर वहीचं ऐका.

पुण्यात जोडीदार कुठे शोधायचा

पुण्यात टेनिस जुनं आहे. पीवायसी हिंदू जिमखाना १९०० मधला, डेक्कन जिमखाना १९०६ मधला. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं आणि २०१८ ते २०२३ दरम्यान तिथे महाराष्ट्र ओपन झाली. पुण्याचाच अर्जुन कढे आज आंतरराष्ट्रीय पातळीवर डबल्स खेळतो. २०२४ मध्ये त्यानं ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर अल्माटीची एटीपी स्पर्धा जिंकली. ही नावं मुद्दाम देतेय, कारण अनेकांना वाटतं की डबल्स म्हणजे गुडघे दुखायला लागल्यावर खेळायचा प्रकार. रोहन बोपण्णानं २०२४ चं ऑस्ट्रेलियन ओपन डबल्स जिंकलं तेव्हा तो ४३ वर्षांचा होता हे खरं, पण ते जिंकायला त्याला किती काय शिकावं लागलं असेल याचा विचार करा.

आपल्याला मात्र शनिवारचा जोडीदार हवाय. तो शोधताना खेळाच्या आधी नकाशा पाहा. औंधला राहणाऱ्यानं हडपसरच्या माणसाशी जोडी ठरवली तर ती पहिले तीन आठवडे टिकते. सकाळी सहाला रस्ते मोकळे असतात, पण परतताना साडेआठला नसतात, आणि ऑफिस गाठायचं असतं. पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरातला, थोडा कमी खेळणारा जोडीदार लांबच्या उत्तम जोडीदारापेक्षा जास्त उपयोगाचा, कारण तो येतो.

सोसायटीचं कोर्ट असेल तर तिथल्या सकाळच्या गटात आठवडाभर नुसतं बसून पाहा. क्लबमध्ये असाल तर मार्करला विचारा. तो रोज सगळ्यांशी खेळतो, त्यामुळे कोणाचा बॅकहँड कसा आहे आणि कोण हरल्यावर रॅकेट आपटतं हे त्याला अचूक ठाऊक असतं. कोचला विचारायलाही हरकत नाही, पण कोच तुमचं तंत्र पाहतो आणि मार्कर तुमचा स्वभाव, असा माझा अनुभव आहे.

वेळही निवडा. जून ते सप्टेंबर मातीची कोर्ट बहुतेक दिवस खेळण्याजोगी नसतात, हार्ड कोर्टवरही पाणी सुकायची वाट पाहावी लागते. पावसाळ्यात ठरवलेल्या जोड्या खेळण्यापेक्षा "आज होईल का?" असे निरोप पाठवण्यातच संपतात. दसऱ्यानंतर सुरुवात करा. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत सलग खेळायला मिळतं आणि जोडीला आकार येतो.

मुंबईहून किंवा कोकणातून नुकतेच आला असाल तर आणखी एक. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, हवा थोडी विरळ आणि कोरडी. चेंडू जरासा जास्त पळतो. पहिल्या आठवड्यात लॉब बाहेर गेले तर लगेच बाजू किंवा जोडीदार बदलू नका.

काय पाहायचं

तीन वेळा एकत्र खेळल्याशिवाय जोडीचा शब्द देऊ नका. पहिल्या वेळी सगळेच चांगले वागतात. दुसऱ्या वेळी पाहा की तुमच्या डबल फॉल्टनंतर समोरची व्यक्ती काय करते. काही जण मागे वळून बघतात. काही जण तंत्र सांगायला येतात, "टॉस जरा पुढे ठेव." हेतू चांगला असतो, पण चालू गेममध्ये मिळालेली सूचना हाताला आणखी जड करते. मला आवडते ती व्यक्ती जी काहीच न बोलता पुढच्या पॉइंटसाठी आपल्या जागी जाऊन उभी राहते, किंवा फार तर "चल, पुढचा" म्हणते.

तिसऱ्या वेळी चेंडूकडे न पाहता तिच्या पायांकडे पाहा. तुम्ही कोर्टबाहेर ओढल्या गेलात तर ती मधली जागा झाकायला सरकते का? तुमच्या डोक्यावरून लॉब गेला तर "स्विच" म्हणून मागे धावते का, की तुमच्याकडे बघत राहते? नेटवर उभी असताना प्रत्येक चेंडूबरोबर अर्धं पाऊल तरी हलते का? अर्धे पॉइंट तिनं तिथे उभं राहूनच खेळायचे आहेत.

आणि तिची बाजू. तुमची डावी असेल तर तिची उजवी असायला हवी, हे इतकं साधं आहे की विचारायचंच राहून जातं. माझ्या बाबतीत तेच झालं. कॉलेजपासूनची मैत्रीण, दोघी एकाच वर्षी टेनिस शिकलो, त्यामुळे जोडीचा प्रश्नच नव्हता. दोघींनाही डावी बाजूच मानवते हे आम्हाला माहीत नव्हतं. ती प्रेमानं म्हणाली, "तू घे डावी," आणि स्वतः उजवीकडे गेली. सोसायट्यांमधल्या एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत समोरच्यांनी तिच्या टीवर सर्व्हिस करायला सुरुवात केली. प्रत्येक ३०-३० ला तेच. आम्ही ६-२ हरलो. हरण्याचं एवढं वाटलं नाही, पण पुढचा महिनाभर आम्ही दोघींनी त्या सामन्याचा विषय काढला नाही, त्याचा त्रास जास्त झाला. तिला वाटत होतं की तिनं मला हरवलं. खरं तर मी विचारायला हवं होतं.

आता मी आमच्या गटातल्या एकसष्ट वर्षांच्या काकांबरोबर खेळते. ते फार धावत नाहीत. पण उजवीकडून त्यांचा स्लाइस बॅकहँड दर वेळी सर्व्हिस करणाऱ्याच्या पायाशी पडतो, आणि मग मधला चेंडू माझ्या फोरहँडवर येतो. मैत्रीण डाव्या बाजूलाच, आमच्याच गटातल्या दुसऱ्या एकीबरोबर खेळते. आम्ही दोघी एकमेकींविरुद्ध खेळतो आणि नंतर चहा प्यायला एकत्रच जातो.

पहिला सामना: ठरवायच्या गोष्टी

बाजू. रिटर्नची बाजू सेटच्या सुरुवातीला ठरते आणि तो सेट संपेपर्यंत बदलता येत नाही. नवा सेट सुरू होताना मात्र बदलता येते. म्हणून सरावाच्या दिवसांत एक सेट एका रचनेनं आणि दुसरा उलट रचनेनं खेळा, आणि प्रत्येक बाजूला किती रिटर्न आत गेले ते वहीत टाका. चुकून एखाद्या गेममध्ये बाजू उलटी झाली आणि मध्येच लक्षात आलं, तर तो गेम तसाच संपवायचा आणि त्या सेटमधल्या पुढच्या रिटर्न गेमला मूळ बाजूंवर परतायचं. हे पहिल्या टाय-ब्रेकमध्ये, म्हणजे सेट बरोबरीत आल्यावरच्या निर्णायक गेममध्ये, हमखास होतं, कारण तिथे सर्व्हिस दर दोन पॉइंटनी बदलते आणि सहा पॉइंटनंतर टोकंही बदलतात. टाय-ब्रेकमध्येही तुमची रिटर्नची बाजू तीच राहते, एवढं धरून ठेवा. हे बंधन फक्त रिटर्नच्या फटक्याला आहे. रिटर्न झाला की दोघं कुठेही जाऊ शकता.

सर्व्हिसचा क्रम. रिटर्नच्या बाजूशी याचा संबंध नाही, तो वेगळा ठरवायचा. जिची सर्व्हिस जास्त खात्रीची तिनं आधी करावी हे सगळे सांगतात. फार कमी जण सांगतात ते असं: टोकं पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या गेमनंतर बदलतात, त्यामुळे डबल्सच्या एका सेटमध्ये प्रत्येक खेळाडूची सर्व्हिस कायम एकाच टोकावरून होते. एकदा कागदावर गेम लिहून पाहा, पटेल. पुण्यात सकाळी खेळणाऱ्यांना याचा मोठा उपयोग आहे. नीट आखलेली कोर्ट उत्तर-दक्षिण असतात. सकाळी दक्षिण टोकावरून सर्व्हिस करताना उजव्या हाताच्या खेळाडूचं अंग पूर्वेकडे वळलेलं असतं आणि टॉसकडे बघताना ऊन थेट डोळ्यांत येतं. डावखुऱ्याला तेच उत्तर टोकावर होतं. म्हणजे एक डावखुरा आणि एक उजव्या हाताचा अशी जोडी असेल, तर योग्य क्रम लावून दोघंही संपूर्ण सेट उन्हापासून वाचतात. दोघं उजव्या हाताचे असाल, तर ज्याचा टॉस ठाम आहे किंवा जो डोक्यावरची टोपी काढत नाही, त्याला उन्हाचं टोक द्या. संध्याकाळच्या खेळात हे सगळं उलटं.

नो-ॲड. वेळ वाचवायला अनेक स्थानिक स्पर्धांमध्ये ड्यूस झाल्यावर एकच निर्णायक पॉइंट खेळतात. तो कुठल्या बाजूला घ्यायचा हे रिटर्न करणारी जोडी ठरवते, पण त्यासाठी दोघांनी आपापसात जागा बदलायची नसते. तो पॉइंट कोण घेणार हे घरून ठरवून या. कोर्टवर "तू घे, नको तू घे" सुरू झालं की सर्व्हिस करणाऱ्याला आयतं बळ मिळतं. मिक्स्ड डबल्समध्ये हा प्रश्नच येत नाही, सर्व्हिस बाईची असेल तर रिटर्न बाईच करते आणि पुरुषाची असेल तर पुरुष.

हाका. आपल्या भाषेत इथे एक खरी अडचण आहे. "माझा" आणि "तुझा" हे दोन्ही शब्द "झा"नं संपतात आणि धावताना कानावर फक्त शेवट येतो. आमच्या गटात यावरून कितीतरी चेंडू दोघांच्या मधून सरळ निघून गेले. आता आम्ही "मी" आणि "घे" म्हणतो. एक लांब ओढता येतो, दुसरा झटक्यात संपतो, घोटाळा होत नाही. बाहेर जाणाऱ्या चेंडूसाठी "सोड", लॉब आला की "मागे", बाजू बदलायची तर "स्विच". जोडीदार वयानं मोठे असतील तर अहो-जाहोचा प्रश्न येतो. मी काकांना पहिल्याच दिवशी विचारलं. ते म्हणाले, "कोर्टवर 'घे' म्हण गं, 'घ्या' म्हणेपर्यंत चेंडू मागच्या जाळीत जाईल." तरी मला "घे" म्हणवत नव्हतं. शेवटी आम्ही नुसतं "काका!" ठरवलं. मी "काका" म्हटलं की चेंडू त्यांचा. ते मला "घे" म्हणतात.

जोडी जमत नसेल तर

दीड-दोन महिन्यांनी वही पुन्हा उघडा. रिटर्नचे आकडे सुधारत असतील तर हार-जीत बाजूला ठेवून तसंच चालू द्या. आकडे जागच्या जागी असतील तर आधी बाजू उलटून पाहा, चार शनिवार तरी. तरीही जमलं नाही तर बोला, पण सामना हरल्याच्या संध्याकाळी नको. मधल्या वारी, खेळ नसताना. व्यक्तीवर न जाता बाजूवर बोलणं सोपं जातं. "मला डावीच बाजू जमते आणि तुलाही डावीच जमते असं दिसतंय, आपण दोघी उजवीकडची एकेक जण शोधू या का?" हे वाक्य मी मैत्रिणीला म्हटलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली की तीही महिनाभर हेच कसं विचारावं याचा विचार करत होती. त्याच संध्याकाळी आम्ही गटातली नावं कागदावर लिहिली आणि प्रत्येकापुढे उ किंवा डा असं अक्षर टाकलं. अकरा जणांपैकी सात जणांपुढे काय लिहायचं ते आम्हाला ठरवता आलं नाही. पुढच्या शनिवारी दोघी वही घेऊन अर्धा तास लवकर गेलो आणि त्या सातही जणांना चाळीस-चाळीस सर्व्हिस करायला घेतल्या. सगळ्यांचं पूर्ण व्हायला तीन शनिवार लागले.